शेजारची सीट

पटलं तर वाचा, नाहीतर सोडून द्या. पण खोटं म्हणू नका, कारण ज्याच्यासोबत हे झालं तो माझा सख्खा मावसभाऊ आहे.

सम्यक त्याचं नाव. हर्सूलला त्याचं गॅरेज आहे, तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर.

यात अमावास्या नाही, पिंपळ नाही, मध्यरात्रही नाही. जे झालं ते भर उन्हात झालं. गेल्या वर्षीचा एप्रिल, शुक्रवार, दुपारचे सव्वातीन.

आमच्या आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच गंडे-दोरे, अंगारे-धुपारे सगळं उंबऱ्याबाहेर गेलं. आमच्यात कुणी 'मला काहीतरी जाणवलं' म्हटलं, तर त्याला आधी डॉक्टरकडे नेतात. म्हणूनच सम्यक वर्षभर तोंडाला कुलूप लावून बसला.

सम्यकला लहानपणापासून जपानी गाड्यांचं वेड. तिकडे जुन्या गाड्यांचे लिलाव होतात. प्रत्येक गाडीबरोबर एक कागद असतो. त्यावर गाडीचं चित्र छापलेलं. तपासणीस गाडीभोवती फिरतो आणि त्या चित्रावर खुणा करतो. इथं ओरखडा, तिथं पोचा, इकडं रंग मारलाय. वर गुण देतो, शाळेत देतात तसे. आणि खाली कोपऱ्यात हातानं एकदोन ओळी खरडतो.

छापील भाग गाडी मागवून देणारा एजंट मराठी-हिंदीत सांगतो. त्या हातानं लिहिलेल्या ओळींच्या वाटेला कुणी जात नाही. अक्षरच तसं असतं.

सम्यक त्या ओळी वाचायचा. क्लास नाही, मास्तर नाही. जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर शिकला. हैदराबाद-कोचीचे गाड्या मागवणारे लोक त्याला कागदाचे फोटो पाठवायचे. दहावीनंतर आयटीआय केलेला पोरगा जपानी वाचतो, याचं आमच्या नात्यात केवढं कौतुक. आमची आई तर मला ताट वाढतानासुद्धा ऐकवायची, "सम्यककडं बघ जरा." बघतच होतो की.

त्याचा जिवाभावाचा दोस्त बद्रीनाथ. बद्रीच्या घरी मेंढरं. शाळा सुटली की दोघं बांधावर बसून एकाच मोबाइलवर गाड्या बघायचे. एकच गाडी दोघांच्या मनात भरली होती. दोन दारांची, पांढरी, टर्बोवाली.

तेव्हाच ठरलं होतं. जो आधी घेईल, त्यानं दुसऱ्याला शेजारी बसवायचं.

पुढे बद्रीच्या वडिलांची शेंद्र्याकडची जमीन प्रकल्पात गेली, मोबदला आला आणि एका वर्षात त्या घराचं रूप पालटलं. सम्यकचे हात तसेच ऑइलचे राहिले. ज्याला गाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं तो आता गाडी घेणार होता, आणि ज्याला सगळं कळत होतं तो ती निवडून देणार होता. ज्याच्या हाती ससा तो पारधी, दुसरं काय.

जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. त्यामुळे तिकडचा लिलाव इकडे सकाळच्या चहाला. गॅरेजच्या बाकड्यावर दोघं बसले होते. पाच-सहा गाड्या गेल्या आणि मग ती आली. पांढरी. दोन वर्षांची, कमी चाललेली, गुण साडेचार, म्हणजे उत्तम. बोली मात्र चढतच नव्हती.

"सम्या, एवढी सस्त कशी काय? ते कोपऱ्यात काय लिवलंय?"

सम्यकनं वाचलं.

पुन्हा वाचलं...

'शेजारची सीट ओली. कारण सापडत नाही. वाळत नाही.'

त्याच्या लगेच ध्यानात आलं. पुराच्या पाण्यातली गाडी असणार. वायरिंग सडेल, वर्षभरात दारात उभी राहील. आणि त्याच्या मनात दोनच शब्द आले. फसू दे. हे त्यानं मला जसंच्या तसं सांगितलं, मान खाली घालून.

"काय नाय," तो बद्रीला म्हणाला. "सीटचं कव्हर बदलल्यालं हाय म्हणतोय."

"घेऊ मग?"

"घे की."

जुनी गाडी बाहेरून आणायची म्हणजे नियमांचा डोंगर. तीन वर्षांच्या आतली हवी, मुंबई बंदरातच उतरायला हवी, टेस्ट हवी, ड्युटी तर गाडीच्या किमतीला मागे टाकते. बद्रीनं सगळं निस्तरलं. सहा-सात महिन्यांनी पासिंग होऊन गाडी शहरात आली.

क्रांती चौकात ही गर्दी. पोरं बोनेटला हात लावून फोटो काढत होती. बद्री, त्याची बायको अपेक्षा, त्याची आई, सगळे गाडीसमोर उभे. त्या फोटोत सम्यक नाही. फोटो त्यानंच काढला होता.

मग बद्रीनं डावीकडचं दार उघडलं.

"बस सम्या. ठरलं होतं ना."

सम्यक बसला.

आणि...

खालून गार ओल आली. पँटीतून, थेट कातडीला. माठाखाली ठेवलेल्या फडक्यावर बसावं तशी.

भीती नाही वाटली त्याला. आनंद झाला. कागद खरा होता. आता आठवड्याभरात बद्री तोंड पाडून येईल, म्हणेल, 'सम्या, फसलो रे.' त्या दिवसाची तो वाट बघू लागला.

आठवडा गेला. महिना गेला. बद्री येत होता, पण हसत. गाडी पाण्यासारखी पळत होती. एकदा दोघं नवराबायको वेरूळला जाऊन आले. अपेक्षा शेजारी बसून आली होती, अंगावर रेशमी साडी. रेशमावर पाण्याचा थेंब लपत नाही. सम्यकनं चोरून बघितलं.

डाग नव्हता.

"लई मऊ सीट हाय भाऊजी," ती म्हणाली. "मला तर झोपच लागली."

त्या संध्याकाळी बद्रीनं त्याला घरापर्यंत सोडलं. पाचच मिनिटं. सम्यक उतरला तेव्हा पँट मागून चिंब.

त्याची बायको सुकेशनी दारात उभी होती. "कुठं बसला होतात? पवून आल्यासारखे दिसायलात."

तो तसाच आत गेला. सीट ओली आहे म्हणायची सोय नव्हती. म्हटलं असतं तर बद्रीनं पुन्हा तो कागद काढला असता. स्वतः खणलेल्या खड्ड्यात स्वतःच बसायचं, तेही रोज, तेही हसत. कारण बद्री शब्दाचा पक्का. कुठेही निघाला की गॅरेजसमोर हॉर्न वाजवायचा आणि डावीकडचं दार उघडायचा.

मी विचारलं सम्यकला, तेव्हा तरी घाबरलास का?

म्हणाला, "नाय. राग आला. तिला बी कोरडी, त्याच्या आईला बी कोरडी. मलाच का?"

मग तो शुक्रवार आला.

गाडी ऑइल बदलायला गॅरेजवर होती. बद्री सम्यकची स्कूटी घेऊन शहरात गेला होता, मार्केट यार्डात काम होतं. बेचाळीस डिग्री ऊन. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

आज छडा लावायचाच, असं सम्यकनं ठरवलं.

आधी बॅटरीचा टर्मिनल काढला. सीट उतरवताना तो काढावाच लागतो. खालची वायर सोडवली. चार बोल्ट खोलले. सीट शिडीवरून गॅरेजच्या पत्र्यावर नेऊन ठेवली. तो पत्रा असा तापतो की हात ठेववत नाही.

खाली येऊन गाडीचा तळ चाचपला. कार्पेट खडखडीत. गंजाचा ठिपका नाही, चिखलाचा कण नाही. पाणी कधी या गाडीत शिरलंच नव्हतं.

तासाभरानं वर जाऊन त्यानं सीट दाबली.

बोटांमधून पाणी आलं.

तो खाली उतरला. शिडीच्या शेवटच्या पायरीवर होता, तेव्हा...

टिंग.

गाडीतून.

टिंग... टिंग...

शेजारी माणूस बसलाय आणि पट्टा लावलेला नाही, हे सांगणारी ती घंटी होती.

सीट पत्र्यावर होती. बॅटरी सुटलेली होती. टर्मिनल त्याच्या डोळ्यांसमोर लोंबत होता.

टिंग... टिंग...

सम्यक दाराशी आला. आत डाव्या बाजूला नुसती मोकळी जागा आणि बोल्टांची चार भोकं. बाजूला पट्टा गुंडाळलेला.

तो पट्टा सरकला.

सावकाश बाहेर आला. माणसाच्या छातीवरून जातो, तसा तिरपा. मोकळ्या जागेवरून खाली गेला आणि ताणून थांबला...

खट्.

कडी बसल्याचा आवाज.

घंटी बंद झाली.

आता नीट ऐका. पट्टा ज्या कडीत बसतो, ती कडी सीटलाच जोडलेली असते. आणि सीट वर होती.

तो आवाज पत्र्यावरून आला होता.

सम्यक किती वेळ तिथं उभा राहिला, त्याला आठवत नाही. भानावर आला तेव्हा पट्टा आपल्या जागी गुंडाळलेला होता. सीट त्यानं परत कशी बसवली, तेही धड सांगता येत नाही. चारपैकी दोन बोल्ट आट्यात न बसता आडवे गेले. पंधरा वर्षांत त्याच्या हातून असं काम झालं नव्हतं.

पाचच्या सुमाराला बद्री आला.

"झालं? चल, तलावाकडं चक्कर मारू. बस."

नको म्हणायला कारण हवं. त्याच्याजवळ एकच कारण होतं आणि तेच सांगता येत नव्हतं. तो बसला.

ओल आली. नेहमीपेक्षा जास्त.

तलावाच्या बांधाजवळ बद्रीनं गाडी लावली. इंजिन बंद केलं.

"इन्शुरन्सवाल्याला त्यो कागद पायजे होता," तो म्हणाला. "एजंटनं दुसऱ्याकडून पुरा वाचून घेतला. त्याच्यात लिवलंय, शेजारची सीट ओली हाय. वाळत नाय म्हणून. तू तर कव्हर म्हणला होतास."

सम्यक पट्ट्याची कडी चाचपू लागला.

"आरं, अक्षर कळलं नसंल. हुतंय तसं. आम्हाला तर कधी ओली लागली नाय. अपेक्षा बसली, आई बसली, सोयरे बसले. तुला रं? तू तर रोज बसतोस. तुला लागली का कधी?"

एवढं सोपं होतं. 'व्हय' म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. वीस वर्षांची दोस्ती होती. बद्रीनं चार शिव्या दिल्या असत्या आणि चहा पाजला असता.

"नाय," सम्यक म्हणाला.

बद्रीनं हात पुढे करून सीटच्या कडेला ठेवला. दाबला. हात कोरडाच होता. मग त्याची नजर खाली गेली.

सम्यकच्या पँटीच्या खालच्या कडेतून पाणी ठिबकत होतं. बुटांवर. टप्... टप्...

बद्रीनं डॅशबोर्डातला रुमाल काढून त्याच्या हातात दिला.

"पूस," एवढंच म्हणाला.

त्यानंतर बद्रीनं हॉर्न कधी वाजवला नाही. गाडी अजून त्याच्याकडेच आहे. रस्त्यावरून जाताना दिसते. शेजारी कुणी ना कुणी आरामात बसलेलं असतं.

हे सगळं सम्यकनं मला गेल्या रविवारच्या आधीच्या रविवारी सांगितलं. त्याचं बरं चाललंय आता. पुण्याच्या एका पार्टीनं त्याला पगारावर ठेवलंय, घरबसल्या लिलावाचे कागद वाचायला. नुकतीच त्यानं स्वतःची गाडी घेतली. जुनीच, साधी, पण स्वतःची. त्या रविवारी आमच्या घरी पेढे घेऊन आला. आईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि माझ्याकडे एकदा बघितलं.

मी तसा जळका माणूस नाही.

मला चक्कर मारायला घेऊन गेला आणि दिल्ली गेटजवळ गाडी उभी करून त्यानं ही गोष्ट सांगितली. शेवटी म्हणाला, "दादा, मी त्या तपासणाऱ्याचाच इचार करतो. दिवसभर दुसऱ्याच्या गाड्या बघायच्या, गुण द्यायचे आन् पायी घरी जायचं. बाकी कुणालाच ओली लागली नाय. त्यालाच लागली. काय असंल त्याच्या मनात?"

मी म्हणालो, "काय माहीत."

मग तो माझ्याकडे वळला. सुकेशनी सांगते, हल्ली तो गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला हे विचारतो. ती रोज बसते आणि रोज हसून नाही म्हणते.

"तुला सीट ओली लागत नाय ना?"

मी शेजारी बसलो होतो. एसी चालू नव्हता. बाहेर मे महिना रखरखत होता...

"नाही," मी म्हणालो.

घरी येऊन पँट बदलली आणि गच्चीवरच्या दोरीवर टाकली.

आज नववा दिवस आहे. आई रोज वर जाते, हात लावून बघते आणि म्हणते, वाळलीये की, काढून घे.

मी हात लावतो तेव्हा ती ओलीच असते.