तहकूब

वरगाव महापालिकेच्या सभागृहात महापौरांच्या खुर्चीमागे पूर्वी घड्याळ होतं. आता तिथे पतमापी होता. शहराला कर्ज देणाऱ्यांची ती अट होती. पूर्वी शहराची पत वर्षातून एकदा तपासली जायची. पतमापी सभागृहातलं प्रत्येक वाक्य ऐकून, ठराव आणि खर्च ताडून, ती क्षणाक्षणाला शंभरपैकी गुणांत दाखवायचा.

"आमच्या प्रभागात स्वागत कमान हवी," नगरसेवक बोडके म्हणाले. एकाहत्तरचे सत्तर झाले.

"बसा हो बोडके! कमानीखालून जायला रस्ता तरी आहे का?" मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं.

सभागृह हसलं. बोडके बसले, आकडा पुन्हा वर गेला. टेकडी प्रभागाचे नगरसेवक दीपक खिल्लारे मात्र हसले नाहीत. टेकडीवर पाणी टँकरनेच यायचं. जलवाहिनीसाठी काढलेल्या कर्जरोख्यांची विक्री त्या संध्याकाळी बंद होणार होती, आणि पत साठच्या खाली गेली तर रोखे कोणी घेणार नव्हतं.

तेवढ्यात निरोप आला. माजी नगरसेवक रंगनाथअप्पा लोहकरे वारले होते. महापौर शालिनीताई उंबरकर उभ्या राहिल्या. सगळे दोन मिनिटं स्तब्ध राहिले. मग नेहमीचं वाक्य आलं : "अप्पांना श्रद्धांजली म्हणून आजची सभा तहकूब करण्यात येत आहे."

बाकं सरकली, पिशव्या उचलल्या गेल्या. पतमापीवर अठ्ठावन्न उमटले.

"हे काय?" ताईंनी विचारलं.

"आजच्या पत्रिकेवर पहिला विषय जुन्या कर्जाच्या हप्त्याचा होता," मुख्य लेखाधिकारी इरफान मुजावर म्हणाले. "पतमापीने अर्थ लावला, हप्ता तहकूब."

"अहो, गेलेल्या माणसाला मान द्यायचा नाही का?"

"ताई, त्याला गेलेला माणूस कळत नाही. राहिलेला हप्ता कळतो."

"मग समजावून सांगा त्याला!"

"स्पष्टीकरण तो धरत नाही. कृती धरतो. तहकूब सभा आजच पुन्हा भरवावी लागेल."

"म्हणजे अप्पांचा अपमान केला म्हणून विरोधक उद्या माझ्या दारात बसतील."

खिल्लारेंनी अप्पांच्या मुलीला, निर्मलाताईंना, फोन लावला. अडखळत सगळं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ नुसता बायकांच्या रडण्याचा आवाज येत होता.

"दीपकभाऊ, फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा धरा," निर्मलाताई म्हणाल्या. "आमचे अप्पा तहकुबीला आयुष्यभर शिव्या घालत आले. म्हणायचे, यांना घरी जायचं असतं आणि पुढे करतात मेलेल्याला. बसा आणि काम करा. अंत्ययात्रेला संध्याकाळी या."

बोडकेच पहिले आपल्या बाकावर जाऊन बसले.

हप्ता मंजूर झाला, रक्कम वळती झाली. चौसष्ट. मग सत्तर. विक्री बंद होण्याआधी शेवटचा रोखा गेला. खिल्लारे जिन्यातच बसले आणि त्यांनी घरी फोन केला. "नळ येतोय गं," एवढंच त्यांना बोलता आलं. स्मशानात टेकडीवरची माणसं सगळ्यांत जास्त होती.

पुढच्या महिन्यात नगरसचिवांनी नवी विषयपत्रिका पतमापीला दिली. सर्वांत खाली त्यांनी आपण होऊन एक ओळ घातली होती : 'श्रद्धांजली, कामकाजानंतर, वेळ उरल्यास.'

आकडा एकने वाढला.

शालिनीताईंनी ती ओळ पुन्हा वाचली. "मुजावर," त्या म्हणाल्या, "अप्पा तर काम करा एवढंच म्हणायचे. हे 'वेळ उरल्यास' कोणाचं?"