मी काही बोललोच नाही

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. मी त्या बोटीवर होते, एवढंच सांगते.

रात्र वगैरे नव्हती. अकरा ऑक्टोबर, शनिवार, सकाळचे दहा. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरचं आमचं छोटं बंदर. वारा असा की डोलकाठ्यांवर आपटणाऱ्या दोरांच्या खडखडाटानं कान किटले होते.

तीन वर्षांपूर्वी आई इथेच गेली. बोट बाहेर काढताना वाऱ्यानं भरकटली, ती थोपवायला दोर घेऊन आईनं धक्क्यावर उडी मारली. पाय घसरला... बोट आणि धक्क्याच्या मध्ये चिरडली.

बोटीवर दुसरे फक्त पप्पा होते. पोलिसांना म्हणाले, "मी काही बोललोच नाही. तिचाच आगाऊपणा नडला."

आई आणि आगाऊपणा! बिचारी डावखुरी. धक्क्यावरच्या खुंट्याला दोर उलटा गुंडाळायची. पप्पा दर वेळी तो सोडून परत गुंडाळणार, वर चारचौघांत शिव्या. ही मान खाली घालून उभी.

आता बोट विकली होती. पलीकडच्या बंदरात नेऊन द्यायची होती. त्याआधी मला एकदा खरं ऐकायचं होतं.

"पप्पा, तुम्हीच तिला उडी मारायला सांगितलंत ना?"

"नोल्वेन, किती दिवस तेच दळण दळणार आहेस? दोर सोड आणि पुढे जाऊन उभी राहा. आईसारखा वेंधळेपणा नको."

मी दोर सोडून बोटीवर ओढून घेतले. दोन्ही बाजूंना बोटी, मध्ये हातभर फट. पप्पांनी बोट मागे घेतली. अर्धी बाहेर आली...

आणि वाऱ्यानं बोटीचं तोंड फिरवलं. बोट आडवी होऊन शेजारच्या बोटीवर चालली. मी जीव खाऊन तिला रेटत होते.

मागून पप्पा ओरडले,

"उडी मार, सोआझिग! मार म्हणतो ना!"

सोआझिग माझ्या आईचं नाव.



खडखडाट एकदम थांबला. वारा मात्र तसाच अंगाला झोंबत होता.

मग... धप्प!

धक्क्याच्या फळ्यांवर दोन पाय पडले.

तिथे कुणीही नव्हतं.

माझ्या पायाजवळचा दोर सरसर बाहेर गेला... ताठ झाला. बोट थांबली. हळूहळू आपल्या जागेवर परत आली.

मी खाली उतरले. दोर खुंट्याला नीट गुंडाळलेला होता.

उलटा.

"पप्पा, आत्ता काय ओरडलात तुम्ही?"

चेहरा पांढराफटक. सुकाणू घट्ट धरून, माझ्याकडे न बघता म्हणाले,

"मी काही बोललोच नाही."

बोट अजून तिथेच आहे. तो दोर सोडायला ते धजत नाहीत. मी हात लावत नाही.

लोक विचारतात, आईची भीती वाटते का गं? आईची कसली भीती?

मेल्यावरसुद्धा ती त्यांच्या एका ओरडण्यासरशी उडी मारते... त्याची वाटते.