रायफलीचा पहिला बार

शुक्रवारची सुट्टी. गुणाजी शिगवणने सकाळचा चहा गॅसवर ठेवला आणि फोन वाजला.

"तुम्हीच वजनकाटे तपासता ना?" सौदीतल्या तबूक पोलिसांतला कॅप्टन बंदर बोलत होता. "अबू नाएफच्या शेतावर या. काल त्यांची रायफल फुटली. नळीखालच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली आहेत. काडतुसं भरणारा माणूस तुमच्याच देशाचा आहे."

गुणाजीने गॅस बंद केला. काडतुसं भरणारा माणूस म्हणजे मोहियुद्दीन. गुहागरला दोघांची घरं एका पाऊलवाटेवर, आणि तबूकला येऊनही दोघांना बारा वर्षं झाली होती. मोहियुद्दीन अबू नाएफच्या शेतावर लेथ चालवायचा. अबू नाएफ दरवर्षी टांझानियात रानरेड्यांच्या शिकारीला जात. त्यासाठी लागणारी काडतुसं ते परवाना काढून शेतावरच भरून घेत, आणि ते काम गेल्या वर्षीपासून मोहियुद्दीनकडे होतं.

शेतावर पोचल्यावर कॅप्टनने थेट मुद्द्यालाच हात घातला.

"काडतुसात दारू जास्त भरली गेली, असा आमचा अंदाज आहे. काटा चुकीचा असेल, किंवा माणूस."

गुणाजीने आपली प्रमाणित वजनं काढली आणि काटा चार वेळा तपासला. एका मिलिग्रॅमचाही फरक नव्हता. मग त्याच खोक्यातली उरलेली काडतुसं उघडून त्यांतली दारू तोलली. सगळी वजनं मोहियुद्दीनच्या वहीतल्या आकड्यांशी जुळली.

"मग चुकीचं एकच काडतूस असेल. नेमकं फुटलं तेच," कॅप्टन म्हणाला.

"त्याचं कवच आहे?"

कॅप्टनने प्लास्टिकची पिशवी पुढे केली. पितळी कवच शाबूत होतं. मागची, ठिणगी पाडणारी कॅप गोल कडेची होती, जराही चेपलेली नव्हती. हे कसं बघायचं ते मोहियुद्दीननेच त्याला शिकवलं होतं. दारू जास्त झाली की सगळ्यात आधी कॅप सपाट होते आणि कवच रायफलीतून सुटत नाही.

"हे कवच बाहेर कसं काढलं?"

"हाताने. सहज निघालं."

 गुणाजीने फुटलेली रायफल पाहिली. मागचा भाग धड होता. नळी मात्र तोंडाजवळ, वीतभर आत फाटली होती. पुढचा तुकडा वाळूत मिळाला होता.

"हा तुकडा आमच्या लॅबमध्ये चिरू दे," तो म्हणाला.

त्याआधी कॅप्टनने मॅनेजर सुफियानला शेताच्या ऑफिसात बोलावलं. सुफियान महाडचा. शेतावर सोळा वर्षं काढलेला. कामगारांचे इकामे म्हणजे राहण्याचे परवाने, त्यांच्या पाळ्या, शस्त्रखोलीची जादा किल्ली, सगळं त्याच्याकडे.

"बुधवारी रायफल कोणाच्या हातात होती?"

"मोहियुद्दीनच्या. त्याने पुसून कपाटात ठेवली. नंतर कोणी गेलं नाही."

"किल्ल्या किती?"

"तीन. अबू नाएफची, मोहियुद्दीनची आणि ऑफिसातली. त्यांचा पुतण्या तुर्कीही काकांची किल्ली नेतो. त्याचं आणि काकांचं वाजलंय साहेब. त्याला शिशाच्या गोळ्या हव्यात, काकांना तांब्याच्या." मग तो गुणाजीकडे वळून मराठीत म्हणाला, "गुणाजीराव, तुमच्या मित्राला सांगून थकलो मी. मला बंदुकीतलं कळत नाही. पण तांब्याची सोडून मध्येच जुनी शिशाची गोळी घातली तर दुसरं काय होणार?"

त्याच्या टेबलामागे जनरेटरच्या डिझेल टाकीची मोजकाठी उभी होती. पेन्सिलीहून थोडी जाड, कोरी, खुणा ताज्या रंगवलेल्या. गुणाजीला सवयच होती, त्याने खुणा मोजल्या. पाचवी खूण जरा खाली पडली होती.

दुपारी त्याला चौकीत मोहियुद्दीनला भेटू दिलं. तो एका दिवसात म्हातारा दिसायला लागला होता.

"गुणाजी, माझं चुकलं असेल तर मला शिक्षा होऊ दे. पण माझं चुकलेलं नाही."

"शिशाची गोळी कधी भरलीस शेवटची?"

"महिना झाला. रेड्याची कातडी आणि हाडं जाड. शिशाची गोळी आत जाऊन फुलते, मग खोल जात नाही. म्हणून पूर्ण तांब्याची निवडली. पण त्याच वजनाला ती लांब होते, कवचात जास्त जागा खाते. त्यामुळे दारू अगदी कमीपासून सुरू केली. रोज थोडी वाढवायची, बार काढायचा, कॅप बघायची. सगळं वहीत आहे."

"बार काढण्याआधी नळीतून बघत नाहीस?"

"बघतो. काल तेवढ्यात अबू नाएफ आले. म्हणाले, आज पहिला बार मी काढतो. बसलेच. मी मालकाला काय थांबवणार?"

गुणाजीने मान वर केली. "नेहमी पहिला बार कोण काढतं?"

"मीच. सगळ्या शेताला माहीत आहे."

 गुणाजीने हळूच विचारलं, "भाई, तुझ्याशी कोणाचं वैर आहे?"

मोहियुद्दीनने दरवाजाकडे पाहिलं. "रविवारी लेबर ऑफिसात माझा जबाब आहे. पिंटूच्या बाबतीत."

कुडाळचा पिंटू, शेताच्या पाइपलाइनवरचा फिटर, जुलैत वारला होता. कागदावर हृदयविकार लिहिलेला. खोलीत, संध्याकाळी सहाला.

"तो खोलीत नाही मेला," मोहियुद्दीन म्हणाला. "दुपारी दोनला उन्हात पडला. त्या वेळेत काम करायला सरकारची बंदी. मी पाहिलं होतं. इतके दिवस घाबरून गप्प होतो."

शनिवारी लॅबमध्ये नळीचा तुकडा चिरला. आत दोन गोळ्या एकमेकींत रुतल्या होत्या. मागची तांब्याची, पुढची शिशाची. शिशाच्या गोळीची नळीच्या तोंडाकडची बाजू ठोकून चेपलेली, आणि चेपलेल्या शिशात लाकडाचे बारीक तंतू. गुणाजीने ते नाकाशी धरले. डिझेल.

दुपारी कॅप्टनने तुर्की आणि सुफियान दोघांना ऑफिसात बसवलं.

"सांगा," तो गुणाजीला म्हणाला.

"दारू बरोबर होती," गुणाजीने अरबीत सुरुवात केली. "कॅप सांगते, कवच सांगतं. जास्त दारूने रायफल मागे फुटते. ही पुढे फुटली. पाण्याचा पाइप तुंबला तर तुंबलेल्या जागी फाटतो, तसंच. कोणीतरी नळीत तोंडाकडून गोळी ठोकून ठेवली होती."

"शिशाच्या गोळ्या माझ्या आहेत," तुर्की म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

"आहेत. म्हणूनच ती वापरली. पण काका बार काढणार हे बुधवारी कोणालाच ठाऊक नव्हतं, काकांनाही नाही. ज्याने हे केलं त्याला मोहियुद्दीन मारायचा होता. तुमचं त्याच्याशी काय वैर? वैर त्याचं, ज्याने पिंटूला भर दुपारी कामाला लावलं आणि ज्याला रविवारचा जबाब नको होता."

सुफियान हसला. "मला बंदुकीतलं कळत नाही, म्हणालो ना."

"तेच. जाणता माणूस नुसती दारू वाढवून गप्प बसला असता. तुम्हाला काठीने ठोकावं लागलं. टाकीची जुनी मोजकाठी कुठे आहे?"

"मोडली."

"कधी?"

सुफियानची नजर टेबलामागच्या नव्या काठीकडे गेली.

"आणि शुक्रवारी तुम्ही शिशाच्या गोळीचं बोललात. वहीत महिनाभर तांबंच आहे. नळी तर मी आज चिरली. शिसं आत आहे हे तुम्हाला काल कसं कळलं?"

कॅप्टनने शिपायाला खूण केली. अर्ध्या तासाने तो जनरेटरच्या खोलीमागून काठीचे दोन तुकडे घेऊन आला. एका टोकाला शिशाचा राखाडी ठसा होता.

सुफियानने ते तुकडे पाहिले. "पाइपलाइन त्याच आठवड्यात पुरी करायची होती," तो म्हणाला. "दोन तासांचाच प्रश्न होता. पिंटू मरेल असं वाटलं नव्हतं मला."

"आणि मोहियुद्दीन?" गुणाजीने विचारलं.

 शिपायाने सुफियानला उठवलं.

मोहियुद्दीनला त्या संध्याकाळी सोडलं. गुणाजी म्हणाला, दोन दिवस विश्रांती घे, जबाबाची तारीख पुढे ढकलून मागू. मोहियुद्दीनने ऐकलं नाही. रविवारी सकाळी आठ वाजता दोघं लेबर ऑफिसात होते. खिडकीमागच्या कारकुनाने फॉर्म पुढे ओढला.

"मयताचे तुम्ही कोण? भाऊ?"

"नाही."

"नातेवाईक?"

"कोणी नाही," मोहियुद्दीन म्हणाला. "साक्षीदार. लिहा."