गादीवरची सुपारी

"दीनाताई, घटातली सुपारी गादीवरून पडली. दोनला राहात्याला निघायचंय, अर्ज मागं घ्यायला. त्याच्या आत येता का?"

रुपालीचा आवाज रडवेला नव्हता, नुसता थकलेला होता. दीना साळवे कोल्हारच्या बियाण्यांच्या दुकानात उभी होती. घड्याळात साडेदहा. तिनं हातातली पावती तिथंच ठेवली आणि स्कूटीला किक मारली.

दीना भोकरटेकची कृषी सहाय्यक. सहा वर्षं ती या गावाला माती तपासा, पाण्याचा हिशेब बघून पीक घ्या, असं सांगत होती. गाव तिला चहा पाजायचं आणि ऐकायचं मात्र घटाचं. अक्षय तृतीयेच्या संध्याकाळी भैरवनाथाच्या देवळात मातीचा वाफा करायचा, त्यावर अठरा धान्यांच्या अठरा मुठी गोल मांडायच्या, मध्ये पाण्यानं भरलेलं छोटं मडकं, म्हणजे करा. कऱ्यापुढं मातीचा छोटा उंचवटा, त्यावर विड्याचं पान, पानावर सुपारी. ही गावची गादी. रात्रभर देऊळ बंद. सकाळी कुठलं धान्य विस्कटलं ते बघून पीकपाणी सांगायचं. आणि सुपारी जागची हलली, तर गादीवरचं माणूस बदलणार.

पिकांपुरतं होतं तोवर दीना दात-ओठ खाऊन गप्प बसायची. पण पंधरा दिवसांवर सरपंचपदाची निवडणूक होती. रुपाली आत्ताची सरपंच, पुन्हा उभी. अर्ज मागं घ्यायची मुदत आज दुपारी तीनपर्यंत. आणि नेमकी आजच सुपारी पडावी?

गावात शिरेपर्यंत तिच्या मोबाईलवर तीन ग्रुपमधून एकच फोटो आला होता. कलंडलेलं पान, वीतभर लांब पडलेली सुपारी, आणि वर ठळक अक्षरात: 'देवाचा कौल. गादीला नवी मालकीण.'

रुपाली पंचायतीच्या ओट्यावर बसली होती. मांडीवर माघारीचा फॉर्म. भरलेला, सहीपुरता मोकळा.

"तुझा विश्वास आहे यावर?" दीनानं विचारलं.

"नाही. पण उद्या पाऊस ओढला, एखाद्याचं जनावर मेलं, तरी लोक माझ्याकडं बोट दाखवणार. देवानं नको म्हटलेली बाई खुर्चीला चिकटली म्हणतील. सकाळपासून चार जणी येऊन सांगून गेल्या. कुणी केलं ते कळलं, तर मी फाडीन हा कागद. नाही कळलं, तर सही."

"सही करू नकोस इतक्यात," दीना म्हणाली आणि देवळाकडं निघाली.

देवळाबाहेर सहादेवबाबा एकटेच बसले होते. तीन पिढ्या घट मांडणाऱ्या घरातले. पिंपळाखाली घोळका होता आणि घोळक्यात कुजबुज. आप्पासाहेबांनी म्हाताऱ्याला फितवलं म्हणे. आप्पासाहेब गावचे जुने पुढारी, त्यांची सून ज्ञानेश्वरी रुपालीविरुद्ध उभी. संशय घ्यायला एवढं पुरेसं होतं.

"बाबा, कुलपं किती होती?" दीना त्यांच्यापुढं उकिडवी बसली.

"दोन. एक आप्पासायबाचं, एक रुपालीच्या घरचं. किल्ल्या ज्याच्या त्याच्यापाशी. मी निस्ता मांडनारा."

"सकाळी दोन्ही शाबूत?"

"समद्या गावाम्होरं उघडली."

"खिडकी?"

"बारीक जाळी हाय."

"उंदीर?"

"उंदीर आला तर धान्य खाईल का सुपारी ढकलंल? अठराच्या अठरा मुठी जाग्यावर हायेत, बाई. दाना हालला न्हाई. असं मी जल्मात बघितलं न्हाई." बाबांनी पिंपळाखालच्या घोळक्याकडं पाहिलं. "लोक म्हंत्यात, मी पैकं खाल्लं."

दीनानं दारातूनच आत पाहिलं. धान्यांचं रिंगण रेखीव होतं. वाफा ओलसर, पण त्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. रात्री अंधारात सुपारी पाडायची तर रिंगण ओलांडून हात घालायला हवा. मग एक मूठसुद्धा कशी विस्कटली नाही?

कऱ्यापुढं मात्र नुसता खळगा होता.

"गादीची माती कुठंय?"

"अमृतनं नेली घरला. म्हनला, पडलेली गादी उघडी ठिवू नये. खरं तर दिस मावळंस्तवर माती हालवायची न्हाई. पन माती गादीच्याच घरची असती, मंग मी काय बोलनार?"

अमृत म्हणजे रुपालीचा नवरा.

"काल मांडलं कसं, सगळं सांगा."

"माती सरपंचाच्या घरची, तशी चालच हाय. अमृतनं आनली, वाफा केला, गादी थापली. दुपारीच. सांजच्याला गाव जमलं, मी धान्य मांडलं, पान-सुपारी ठिवली. शेवटाला गादीवर तांब्याभर पानी सोडलं. दरसाली सोडतो तसंच."

"ते पान आहे?"

बाबांनी ताम्हनातलं पान पुढं केलं. वरच्या बाजूला कुंकवाचं बोट. दीनानं पान उलटलं. खालच्या बाजूला मातीसोबत फिकट गुलाबी डाग होते, चार-पाच, वाटाण्याएवढे. तिनं बोटानं पुसून पाहिलं. कुंकू नव्हतं. वास ओळखीचा होता, पण कशाचा ते आठवेना, आणि न आठवण्यानं तिचं डोकं आणखीच तापलं.

"मॅडम, देवाच्या कामात शासनानं कशाला पडायचं?" मागून अमृतचा आवाज आला. पांढरा शर्ट, कपाळाला अष्टगंध. "आन् तुमच्यात हे नसतंय."

"आमच्यातही माणसं खोटं बोलतात, अमृतराव. त्याची माहिती आहे मला."

तो हसला. "मला काय आनंद झालाय व्हय? बायकू हाय माझी. पन कौल म्हनल्यावर ऐकायला पायजे. आईचा डमी अर्ज हायच. रुपालीनं मागं घेतला तरी गादी घरातच."

"बरं. तुमच्या हरभऱ्याच्या प्लॉटचा फोटो तेवढा राहिलाय. पाच जणांना बियाणं दिलं, चौघांचे फोटो वर पाठवले. तुमच्यासाठी मला दर आठवड्याला बोलणी बसतात."

"आता कुठला फोटो? कवाच काढला हरभरा." तो घोळक्याकडं निघून गेला.

आप्पासाहेब पारावर पाय पसरून बसले होते.

"फोटो तुमच्या माणसांनी पसरवला?"

"पसरवला की. देवानं आयता दिला, का सोडू?"

"सुपारी तुम्ही पाडलीत?"

"कशी पाडू, बाई? एका किल्लीनं दोन कुलपं उघडत्यात का? आन् काल दिसभर मी लोनीला दवाखान्यात हुतो, सांजच्याला आलो. इचारा कुनालाबी."

विचारलं. खरं निघालं. साडेबारा वाजले. कुलूप फोडलेलं नाही, पाऊल नाही, दुसरी किल्ली नाही. दीनाला रडू यायचं बाकी होतं. सगळं गाव 'कौल, कौल' म्हणत होतं आणि तिच्या हाती एक डागाळलेलं पान. उरली होती ती माती. ती रुपालीच्या घराकडं वळली.

गोजरबाई, अमृतची आई, दारात लसूण सोलत होती. दाराशेजारी उकिरडा, अंगणात तुळस.

"मावशी, अमृतरावांनी घटाची माती आणली ती कुठं टाकली?"

"टाकतोय कुठं? देवाची माती हाय. तुळशीला घातली की."

दीनानं तुळशीतली ओली माती बोटांनी उकरली. एक. दोन. मग मूठभर. टपोरे, पाण्यानं फुगलेले हरभऱ्याचे दाणे, सालीला अजून गुलाबी रंग. आता वास आठवला. बीजप्रक्रियेचं औषध.

"मावशी, गेल्या दिवाळीत मी हरभऱ्याची पिशवी दिली होती. पेरली का?"

"कुठं पेरतोय? समदा ऊसच हाय. फुकट भेटती म्हनून आनली. औषध लावलंय म्हनं, खाताबी येईना. पडली हुती कोठीत. परवा बघते तर तोंड कापल्यालं."

पावणेदोनला दीना देवळापुढं उभी राहिली. रुपालीला तिनं बोलावून घेतलं होतं. अमृतनं गाडी दारातच आणून लावली होती.

"रात्री देवळात कुणीही गेलं नाही," दीना म्हणाली. "दोन कुलपं शाबूत, जाळी शाबूत, एक दाणा विस्कटला नाही. आपण सगळे आत कोण गेलं ते शोधत बसलो. सुपारी पाडणारा आधीपासूनच आत होता. गादीच्या मातीत."

तिनं मूठ उघडली.

"कोरडा हरभरा भिजला की रात्रीत दुप्पट होतो. घराघरात माहीत आहे. गादी थापताना कुणीतरी आत मूठभर हरभरा पुरला. बाबांनी प्रथेप्रमाणं तांब्याभर पाणी सोडलं. हरभरा फुगत गेला, माती वर उचलली, पान कलंडलं, सुपारी घरंगळली. सगळ्या गावाच्या कुलपाआड."

"कुनी पुरला?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"हा घरचा हरभरा नाही. औषध लावलेलं बियाणं आहे, मी दिलेलं. पानाखाली त्याचाच रंग लागलाय. पाच पिशव्या दिल्या होत्या. आप्पासाहेब, एक तुम्हाला. तुमचं पीक मी उभं पाहिलंय, फोटोत तुम्हीच आहात. बाकी तिघांचंही पाहिलंय. पाचवी पिशवी पेरलीच नाही. आजच मला सांगितलं, हरभरा कधीच काढला म्हणून. ती पिशवी कोठीत आहे, तोंड परवा कापलंय. आणि गादी थापणारा माणूस एकच होता. माती नेण्याची घाई करणाराही तोच."

कुणी नाव घेतलं नाही. सगळ्यांच्या माना अमृतकडं वळल्या.

"अमृतराव, उकिरडा दाराला लागून होता. त्यात टाकली असतीत तर मला काही सापडलं नसतं. पण देवाच्या नावानं खोटा कौल लावणाऱ्या तुमच्या हाताला देवाची माती उकिरड्यावर टाकवली नाही."

अमृतचा चेहरा पडला. मग एकदम तो ओरडला, "मंग काय करायचं? पाच वर्सांमागं ही निवडून आली तवा लोक मला सरपंच म्हनायचं. हिनं भर ग्रामसभेत सांगितलं, सरपंच मी हाय, इचारायचं ते मला इचारा. काम बघितल्याबिगर सही न्हाई. माझ्याच घरात मला कुनी इचारंना! आई निदान अंगठा दे म्हनलं की देती."

रुपाली त्याच्याकडं बघत राहिली.

आता संपलं, असं दीनाला वाटलं. पुरावा होता, कबुली होती, आणखी काय पाहिजे माणसाला? तेवढ्यात गोजरबाई पुढं आली.

"ते समदं खरं असंल. पन सुपारी पडली ती पडलीच की."

दोन-चार माना हलल्या. "देवानंच त्याच्या हातनं करून घेतलं म्हनायचं," कुणीतरी म्हणालं, आणि आणखी माना हलल्या. सहादेवबाबासुद्धा आभाळाकडं बघून हात जोडत होते. दीनाला मनापासून चीड आली. हातातला हरभरा या सगळ्यांच्या अंगावर फेकावा असं वाटलं. सहा वर्षं बोलून ही एवढीच मजल.

अमृतला तेवढ्यानं धीर आला. त्यानं गाडीचं दार उघडलं आणि आवाज खाली आणला. "रुपाली, झालं ते झालं. लोक काय म्हंत्यात ऐकलंस ना? तीनला अजून येळ हाय. आदी घरला चल, बसून बोलू."

रुपालीनं हातात धरून आणलेला फॉर्म चार तुकड्यांत फाडला, तुकडे पिशवीत घातले आणि देवळाच्या पायरीवर सहादेवबाबांच्या शेजारी बसली.

"तुम्ही व्हा पुढं," ती म्हणाली. "मी सव्वातीनला येते."