एक घोट

"तिच्या हातून मला काही नको! दुसरी नर्स बोलवा!"

धाकटीचा आवाज प्रसूतिकक्षाच्या दाराबाहेर आला आणि पाण्याचा पेला घेऊन आत शिरणारी ताई जागीच थिजली... चार वर्षांनी कानी पडलेला तो आवाज! आई गेल्यावर जिला तिने कडेवर घेऊन वाढवलं, जिच्यापायी स्वतःचं ठरलेलं लग्न मोडलं, तिच्या तोंडून आता 'ताई' ही दोन अक्षरंही निघत नव्हती.

चार वर्षांपूर्वी, पहिल्या बाळंतपणात, धाकटी अठरा तास कळा सोसत होती. "ताई, पाणी... एकच घोट दे गं!" म्हणून तिने टाहो फोडला होता, आणि ताईने काळजावर दगड ठेवून ओल्या कापसाने नुसते तिचे ओठ पुसले होते. कळा सुरू झाल्या की पोटात काही जाऊ द्यायचं नाही, असा तेव्हाचा नियम होता. "तू बहीण नाहीस, नुसती नर्स आहेस!" एवढं बोलून धाकटीने माहेर तोडलं.

ताईने पेला घट्ट धरला आणि ती आत गेली.

"ओरड माझ्यावर, हवं तेवढं ओरड. पण आधी हे पी. डॉक्टरीणबाईंनी तपासलंय, तुला सगळं चालेल. पाणी, रस, टोस्टसुद्धा."

"आज चालतं? मग तेव्हा का नाही चाललं?"

"तेव्हा मला तेवढंच ठाऊक होतं... चुकलं माझं." ताईने पेला तिच्या ओठांजवळ नेला.

पलीकडे तक्ता भरणाऱ्या मेट्रनबाईंना राहवलं नाही. "अगं वेडे, हा नियम आपोआप बदलला का? दोन वर्षं ही माझं डोकं खात होती! कुठून कुठून नव्या अभ्यासांचे कागद आणायची, मोठ्या डॉक्टरांसमोर मांडायची. मी चारचौघांत हिचा पाणउतारा केला, तरी दुसऱ्या दिवशी दारात हजर! 'माझ्या बहिणीचं झालं ते झालं, आता दुसऱ्या कुणाचं नको' म्हणायची."

धाकटीने ताईकडे पाहिलं. तेवढ्यात कळ आली. तिने काहीतरी धरायला हात पुढे केला, आणि सापडलं ते ताईचं मनगट! कळ ओसरली तरी हात सुटला नाही. तिने मुकाट्याने तोंड उघडलं. ताईने एक घोट पाजला, मग दुसरा... दोघींचेही डोळे वाहत होते.

दिवस कलायच्या आत मुलगी झाली, धडधाकट! ताईने तिला पुसून धाकटीच्या छातीशी ठेवलं आणि ती आवराआवर करू लागली.

"ताई..."

ताई वळली.

"सकाळपासून तू काही खाल्लंस?"

ताईने नकारार्थी मान हलवली.

"मग बस इथे. माझ्यासमोर जेव... मी बघितल्याशिवाय उठायचं नाहीस!"