पूर्णवेळवाली

हेझल ऑर्मरॉडच्या पदरात पडणार होते फक्त शून्य दशांश तेरा. पौंडांत सांगायचं तर महिन्याला दोनशे शहाऐंशी. आकडा ऐकून कोणी खुर्चीवरून उठणार नाही, पण हेझल उठली असती. सहा आठवड्यांच्या उन्हाळी सुट्टीत ती गावाबाहेरच्या रोपवाटिकेत गल्ल्यावर उभी राहायची. सलग आठ तास, निवडुंगाच्या कुंड्या कागदात गुंडाळत. बासष्टाव्या वर्षी तिचे गुडघे या धंद्याला नको म्हणत होते. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. ती दोन वर्षं पूर्ण पगारावर गेली, तर निवडुंगाशी संबंध संपला.

बेकशॉ लेनच्या प्राथमिक शाळेत पगारपत्रकं हेझल करायची. शाळेत तिच्यासकट आठ बायका सत्रापुरत्या होत्या, म्हणजे शाळा भरलेली असेल तेव्हाच कामावर. हिशेब सोपा, पण डोकं उठवणारा. कामाचे आठवडे घ्यायचे, त्यात हक्काच्या रजेचे मिळवायचे, बेरजेला वर्षाच्या एकूण आठवड्यांनी, म्हणजे बावन्न दशांश एक चार तीनने भागायचं. नव्या बाईचं उत्तर यायचं शून्य दशांश सत्याऐंशी. जुनीला रजा थोडी जास्त, म्हणून अठ्ठ्याऐंशी. पूर्णवेळ माणसाच्या पगाराला त्याने गुणायचं, बारा महिन्यांत वाटायचं. जुनी असूनही हेझल सत्याऐंशीच होती. मधे आईच्या आजारपणात तिने नोकरी सोडली होती, आणि परत आली ती नवी म्हणून.

या हिशेबातून एक विनोद जन्मला होता. त्याची आई थेल्मा हिंडल. ती सकाळी स्वयंपाकघरात वाढपी असायची आणि दुपारी मैदानावर शिट्टी घेऊन पोरांच्या मागे. आवाज असा, की टेकडीपलीकडची मेंढरं वळून बघतील. पंधरा वर्षांपूर्वी नोकरी लागताना जाहिरातीतला पगाराचा आकडा आपलाच समजून तिने हप्त्यावर सोफा घेतला. पहिल्या पगाराला ती हेझलच्या टेबलावर येऊन आदळली.

"हा आकडा माझा नाही, तर कोणाचा?"

"पूर्णवेळ काम करणाऱ्या बाईचा. तू तिच्या सत्याऐंशी टक्के."

"आणि ती कुठंय? मला बघू दे तरी. माझ्या सोफ्याचे पैसे तीच खातेय!"

तेव्हापासून शाळेत एक पूर्णवेळवाली होती. कप फुटला, पूर्णवेळवालीने फोडला. बिस्किटं संपली, तिनेच खाल्ली.

बासष्टाव्या वर्षी, जुलैत, हेझलने मुख्याध्यापक पिकर्सगिल यांच्याकडे वर्षभराची नोकरी मागितली. ते म्हणाले, "हेझल, सुट्टीत काम असतं असं दाखवा. मी समितीकडून मंजूर करून घेतो." रजेचं सूत्र नुकतंच बदललं होतं. आठही जणींचा हिशेब नव्याने करायचा होता. तेच काम दाखवायचं ठरलं, आणि ऑगस्टात हेझल रिकाम्या शाळेत येऊन बसली.

इमारतीत दोघंच. ती, आणि वर्षभराचा रखवालदार डेस्मंड, भिंती रंगवत. आग लागली तर आत कोण आहे ते कळावं म्हणून दारातल्या वहीत नाव आणि वेळ लिहायची शिस्त होती. 'वहीत नाव नाही तर पगार नाही,' हा हेझलचा स्वतःचा नियम.

पहिल्या सोमवारी वहीत तिसरी ओळ होती. आत साडेआठ, बाहेर साडेचार. नावाच्या जागी नुसती आडवी रेघ.

"काय रे डेस्मंड, स्वतःला दोनदा लिहितोस? दुप्पट पगार मिळत नसतो."

"मी? मला माझं नाव एकदा लिहायचा कंटाळा येतो, बाई."

मंगळवारी पुन्हा रेघ. बुधवारीही. ती डेस्मंडची चेष्टाच, असं हेझलने ठरवलं. ठरवलं की काम पुढे सरकतं.

गुरुवारी ती चहाला पाणी आणायला जेवणघरात गेली. खुर्च्या उन्हाळ्यासाठी भिंतीशी रचलेल्या होत्या. एक तेवढी खाली होती. तिच्यापुढचं टेबल ओल्या फडक्याने पुसलेलं, पाण्याचे फराटे अजून वाळत होते. चुली तीन आठवडे थंड होत्या, तरी हवेत कस्टर्डचा गोड, किंचित करपलेला वास होता. तिने हाक मारली. डेस्मंडने उत्तर दिलं, पण ते वरच्या मजल्यावरून.

दुसऱ्या आठवड्यात हिशेब संपला. खाली बेरीज मारताना तिची नजर एक रकाना चुकली. पगाराच्या हिश्श्यांऐवजी तिने शिल्लक मिळवली, म्हणजे प्रत्येकीला पूर्ण व्हायला जे कमी पडत होतं ते. चार जणींचे तेरा, चार जणींचे बारा. उत्तर आलं एक. दशांशचिन्हापुढे नुसती शून्यं.

आठ जणींच्या उरल्यासुरल्यातून अख्खी एक बाई. थेल्माला सांगितलं असतं तर तिने छप्पर उडवलं असतं. हेझललाही हसू आलं. मग जेवणघरात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि ते मधेच राहिलं.

ऑगस्टच्या अखेरीस समितीने मंजुरी दिली. पिकर्सगिलनी कागद पुढे केला, हेझलने सही केली. सत्याऐंशीची ती एक झाली. घरी जाताना तिने सवयीने वही पाहिली.

रेघ होती. आत साडेआठ. बाहेर तीन अठ्ठावीस.

आकड्यांत जन्म गेलेली बाई ती. पायऱ्या उतरेपर्यंत तिचा मनातला गुणाकार झाला होता. आठ तासांचे शून्य दशांश सत्याऐंशी. तिचे तेरा वजा झाले होते.

सप्टेंबरात शाळा भरली. पोरं, दप्तरं, ओले कोट, थेल्माची शिट्टी. वहीतली रेघ गेली. हेझल गेल्या कित्येक वर्षांत झोपली नव्हती अशी झोपली.

तिसऱ्या आठवड्यात बुधवारी थेल्मा टेबलापाशी आली. आदळली नाही. नुसती उभी राहिली.

"हेझल, काल मी आले होते ना?"

"मला काय विचारतेस? वही बघ."

"बघितली. म्हणूनच विचारतेय." तिने वही उघडून ठेवली. मंगळवार, आत साडेआठ, आणि नावाच्या जागी लाल शाईची रेघ. "इथे मी माझं नाव लिहिलंय. तुझ्याच लाल पेनाने. स्वयंपाकघरात म्हणाल्या, काल चौघीच होतो. अगं, मी त्यांच्या शेजारी बटाटे सोलत होते!"

"घाईत असतील त्या."

"मैदानावर शिट्टी फुंकली तर एकही पोर वळेना. दोघं पळत माझ्या अंगावरून गेली. अंगावरून म्हणजे..." ती थांबली. थेल्मा वाक्याच्या मधे थांबलेली हेझलने पहिल्यांदाच पाहिली. "जाऊ दे. वय झालं. तू पगार तेवढा कापू नकोस हं."

"वहीत नाव नाही, थेल्मा."

"अगं, मला ओळखतेस ना तू?"

पुढच्या मंगळवारी रेघ. आणि त्या शुक्रवारीही.

हेझलने रकाना पुन्हा मांडला. तिची स्वतःची शिल्लक शून्य. सहा जणींची होती तशीच. थेल्माच्या बारामध्ये वर्षअखेर तेरा मिळवले, तर बेरीज पुन्हा बरोबर एक येत होती. तेरा म्हणजे वर्षाच्या दोनशे साठ कामाच्या दिवसांतले चौतीस. त्यातले तीन गेले होते.

त्या संध्याकाळी तिने पत्र लिहायला घेतलं. 'आदरणीय श्री. पिकर्सगिल, वर्षभराची नेमणूक मी परत करू इच्छिते.' एवढं लिहून झालं. पुढे कारण लिहायला हवं होतं. तिने गुडघे चोळले. निवडुंगाच्या कुंड्या आठवल्या, कागदातून बोटात घुसणारे काटे आठवले. दोन वर्षांचा तर प्रश्न. आणि थेल्माच्या घरी नवरा कमावता होता. सोफ्याचे हप्तेही केव्हाच फिटले होते.

पत्र खणात गेलं. खणाला किल्ली होती.

पुढच्या मंगळवारी दुपारी पाऊस थांबला आणि पोरांना मैदानात सोडलं. हेझल खिडकीशी उभी होती. तिला थेल्मा दिसली नाही. खिडकीच्या कठड्यावर थेल्माचा मेंढरांच्या चित्राचा कप होता, वाफाळता. कोणी ठेवला ते हेझलने पाहिलं नव्हतं. मागे दाराची बिजागरी कुरकुरली. कोणीतरी काहीतरी म्हटलं असावं. हेझलने मान वळवली नाही.

मैदानात गोंगाट होता.

मग एकदम थांबला.

दोनशे पोरं जागच्या जागी थिजली, वळली, आणि भिंतीशी सरळ रांगा करून उभी राहिली. इतक्या सरळ रांगा थेल्माला पंधरा वर्षांत जमल्या नव्हत्या.

शिट्टी वाजलीच नव्हती.

हेझल टेबलाशी परतली. महिनाअखेर होती. तिने चार दिवसांची कपात लिहिली, पट्टी ठेवून खाली रेघ ओढली आणि आकडे भरले. हेझल ऑर्मरॉड, एक. थेल्मा हिंडल, शून्य दशांश अठ्ठ्याऐंशी, वर्षअखेर पंचाहत्तर.

त्याखाली आणखी एक ओळ होती. ती हेझलने लिहिली नव्हती. नावाच्या जागी आडवी रेघ. हिस्सा, एक. कपात, काही नाही.