फ्रिजच्या दारातली बाटली

कडूबाईचं कुणी खरं मानलं नाही. बाई तोंडानं फटकळ, पण खोटं बोलणाऱ्यातली नाही. पुंडलिकनगरात कुणालाही विचारा.

गेल्या भादव्यात तिच्या नातीचे, राजनंदिनीचे, डोळे आले. लालभडक. सकाळी पापण्या चिकटलेल्या. कडूबाई आणि सून दीपमाला तिला डॉक्टरकडं घेऊन गेल्या. थेंब मिळाले, टॉवेल वेगळा ठेवा म्हणाले. आठ दिवसांनी लाली दुप्पट. डॉक्टर चिडलेच, "दुसरं काय घालताय डोळ्यात? बुबुळावर डाग पडलाय. असंच चाललं तर नजर जाईल पोरीची."

रिक्षात दीपमाला फणफणली, "आत्याबाई, हे तुमचेच उद्योग! उद्या पोरीला घेऊन मी चालले वैजापूरला, माहेरी."

"मी घातलं असंल तर माझे डोळे फुटू दे!"

पण कडूबाईच्या मनात सासू आली. आवडाबाई. मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे उरलेले थेंब म्हातारी फ्रिजच्या दारात जपायची. घरात कुणाचे डोळे लाल दिसले, की धरून घालायची. "मला गुण आला, तुला का नाय येणार?" म्हातारी आषाढात गेली. बाटली कडूबाईनं तेराव्यालाच फेकली होती.

त्या रात्री ती नातीच्या उशाशी जागत बसली. मंगळवार. दोन वाजून दहा मिनिटं.

फ्रिजचं दार उघडलं.

भिंतीवर उजेड पडला... कुणी नाही. दार लागलं.

पाय घासत काहीतरी आलं. खाटेशी थांबलं.

राजनंदिनीनं झोपेतच मान मागं टाकली. खालची पापणी... हळूच खाली ओढली गेली.

"सोड तिला!" कडूबाईनं पोरीच्या डोळ्यांवर पंजा दाबला.

पंजाच्या पाठीवर थेंब पडला. गार. मग दुसरा.

दीपमालानं धावत येऊन दिवा लावला. "सापडलात ना, आत्याबाई! काय घालत—"

तिनं कडूबाईचे पंजे ओढून उलटे केले.

कडूबाईचे हात रिकामे होते. पोरीच्या पापणीखाली एक बोट उमटलं होतं. काळं. ओलं. मिश्रीचा वास येत होता. घरात मिश्री लावणारं एकच माणूस होऊन गेलं.

दीपमालानं ओढणीनं पुसलं. पुन्हा पुसलं... गेलं नाही.

घरातल्या थोरल्या बाईचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं. दीपमालानं घेतलं.

"आवडाबाई."